समुद्राच्या भरतीचं गणित मला येत होतं, तरी ४४,१०० रुपये गेले

आधी आकडा सांगते. ४४,१०० रुपये. चौदा माणसांचे, आणि सगळे माझ्या शब्दावर एका सहलीसाठी गोळा झालेले. ड्रायव्हरला आम्ही द्यावे लागलेले ११,५०० वेगळेच.

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर जाहिरात आली होती: ‘लाव्हाचा किनारा. साताऱ्याहून एका दिवसात गुहागर-हेदवी, भूगर्भतज्ज्ञांसोबत.’ माणशी २,६५० रुपये. मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर बसत गेले, म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत आणि अजिंक्यताऱ्याचा माथा सपाट आहे, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल! पण तोच काळा कातळ जिथे समुद्रात उतरतो तिथे, दगड वाचता येणाऱ्या माणसाबरोबर उभं राहायचं राहून गेलं होतं. हावरटपणा नव्हता यात. स्वस्तात काहीतरी मिळतंय म्हणून आम्ही गेलो नाही. २,६५० काही स्वस्त नाहीत.

फोन मीच केला. माझं नाव ऐकताच सहल नेणारा म्हणाला, “मॅडम, ओळखलं नाहीत ना? आठवी ब. तुम्ही आम्हाला भूगोलाला होतात.” मला आठवेना. इतक्या मुलांतून एखादा नाही आठवत, आणि तसं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, “हो रे, आठवलास.” त्या एका वाक्यानंतर मी त्याला प्रश्न विचारायचं सोडून दिलं. आता कळतंय की माझं नाव, शाळा, विषय हे सगळं आमच्या ग्रुपवर शिक्षक दिनाच्या शुभेच्छांमध्येच लिहिलेलं होतं. ‘मी तुमचा विद्यार्थी’ असं कुणी म्हणालं तर कोणतं वर्ष, वर्गशिक्षक कोण होते, हे विचारा. खऱ्या विद्यार्थ्याला राग येत नाही.

पैसे तीन वेळा गेले. आधी निम्मा अॅडव्हान्स, १८,५५०. चार दिवसांनी ‘किनाऱ्यावरच्या परवानगीची अनामत’ म्हणून माणशी ५००, म्हणजे ७,०००, आणि ती परत मिळणार होती. शनिवारी रात्री ९.४० वाजता उरलेले १८,५५०, कारण ‘सकाळी गाडीत हिशेब नको, मॅडम’. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं दिसलं. विचारलं तर म्हणे बहिणीचं खातं आहे, संस्थेच्या खात्याचं काम चालू आहे. स्क्रीनवर नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरच्याने काहीही सांगू दे. बिलावर जीएसटी क्रमांक होता. तो मी सोमवारी मोजला, चौदाच अक्षरं भरली. असतात पंधरा, आणि महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. ती मी आधी दिली नाहीत.

जाहिरातीतला फोटोही खोटा होता. षटकोनी खांबांचा किनारा, खाली ‘हेदवी’ लिहिलेलं. तो कर्नाटकातल्या मालप्याजवळच्या सेंट मेरी बेटांचा आहे हे मी ओळखलं. तो दगड वेगळा, वयही वेगळं, सुमारे ८.८ कोटी वर्षं. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही! डिझाइन करणाऱ्याने प्रातिनिधिक म्हणून टाकलाय.” कौतुक ऐकून मी गप्प बसले.

पण जी गोष्ट रात्री झोपू देत नाही ती फोटोची नाही.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: ‘दुपारी १२: बामणघळीत उसळणारं भरतीचं पाणी.’ हेदवीला कातळात एक अरुंद, खोल घळ आहे. भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात आणि पाणी कोंडून वर उडतं. ओहोटीला तिथे बघण्यासारखं फार काही उरत नाही. माझं आजोळ दापोलीकडचं. तिथे लहान पोरालाही भरतीचं गणित येतं: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा. आमचा रविवार अष्टमीचा होता. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तीही भांगाची, जोर नसलेली. बारा वाजता चक्क ओहोटी. दिनदर्शिका स्वयंपाकघरात लटकलेली होती. पत्रिका हातात घेऊन मी तिच्यासमोर उभी होते, डबे काय न्यायचे ते ठरवत. अष्टमी वाचली. उपास कुणाचा आहे का, एवढाच विचार केला. ज्याला समुद्राची वेळ ठाऊक नाही तो आपल्याला समुद्र काय दाखवणार, हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर निदान शेवटचे १८,५५० वाचले असते. आजीने हे गणित मला वाळूत काडीने रेघा ओढून शिकवलं होतं.

रविवारी पहाटे साडेचारला पोवई नाक्यावर टेम्पो ट्रॅव्हलर आली, म्हणून तर सगळं खरं वाटलं. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. ‘तज्ज्ञ चिपळूणला चढतील’ असा मेसेज आला. चिपळूणला कुणी चढलं नाही. ‘गुहागरला थांबलेत.’ गुहागरला फोन बंद. तिथे ड्रायव्हरने सांगितलं की त्याला ३,००० रुपयेच मिळालेत, बाकीचे ११,५०० दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. त्याचंही पोट आहे, मी त्याला दोष देत नाही. काढले पैसे. दुपारी बाराला हेदवीच्या कातळावर आम्ही चौदा जण उभे होतो, घळ कोरडी होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. ‘वहिनी, आता तुम्हीच सांगा की काहीतरी,’ असं एकीने म्हटलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण मला बोलताच येईना. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन परत फिरलो.

आता सोमवारपासूनचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “गाडी आली होती ना? मग फसवणूक कसली?” ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा. मंगळवारी दुसरे साहेब म्हणाले, प्रकार समुद्रावर घडला, तिकडे जा. तिकडे फोन केला तर पैसे साताऱ्यातून गेले, तिथेच तक्रार करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नवीन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मी कागदावर लिहून नेलं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “बाई, तुम्ही शिक्षिका ना? मग एवढं कसं कळलं नाही?” तिथे बाकावर आणखी तीन माणसं बसली होती. माझे कान तापले. बँकेत उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. संमती सहलीला होती, चोरीला नव्हती! चार खेपा, दोन अर्ज, एका अर्जावर शिक्का मिळवायला दीड तास. ऑनलाइन तक्रारीची स्थिती पाचव्या आठवड्यातही ‘प्रक्रियेत’. दिवाणी म्हणून हात झटकता येतात म्हणूनच हे लोक गाडी पाठवतात. ३,००० रुपये टाकले की गुन्ह्याचा वाद होतो. हे त्या चोराला कळतं आणि ठाण्यात बसलेल्यांना कळत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

माझीही एक चूक सांगते. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला मी सोमवार दुपार उजाडू दिली. रविवारी गुहागरातूनच करायला हवा होता. खात्यात पैसे असतील तोवरच ते गोठवता येतात. ग्राहक आयोगात मात्र जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. सगळे स्क्रीनशॉट, ड्रायव्हरचा जबाब, मेसेज छापून ठेवलेत. तुम्हीही चॅट पुसू नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही.

घरचे तिघे सोडून बाकीच्या अकरा जणींना प्रत्येकी ३,१५० मी परत केले, ३४,६५० रुपये, पेन्शनमधून. दोघी घेत नव्हत्या, त्यांच्या हातात कोंबले. शाळेत जाऊन जुनं रजिस्टरही बघून आले. त्या नावाचा मुलगा आठवी ब मध्ये कधीच नव्हता.

परवा कऱ्हाडच्या मावसबहिणीने एक जाहिरात पाठवली. नाव दुसरं, नंबर दुसरा, भाडं माणशी २,८५०, फोटो तोच मालप्याचा. मी तिथीच पाहिली आधी. सप्तमी, आणि पत्रिकेत भरती पुन्हा बाराचीच.