९ महिने, १४,५०० किलोमीटर आणि एक मागचा दिवा

गाडी घेतली तेव्हा घरच्यांचा एकच प्रश्न होता, "कंपनी बुडाली तर?" ९ महिने झाले, कंपनी आहे. लहान आहे, एकटी आहे, कुठल्याच मोठ्या समूहातली नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही.

चालवायला ही इलेक्ट्रिक गाडी माझ्या आधीच्या दोन्ही नावाजलेल्या गाड्यांपेक्षा सरस. खड्ड्यात आपटत नाही, सलग चार तास बसूनही कंबर धरत नाही. सुरुवातीला कमी वेगात ब्रेक दाबला की झटका बसायचा. तक्रार केली तर थेट इंजिनिअरचा फोन! पुढच्याच अपडेटमध्ये झटका गेला. आधीच्या गाड्यांच्या वेळी माझी तक्रार कॉल सेंटरच्या पुढे कधी सरकलीच नव्हती.

मग पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा दिवा फोडला. एका दिव्यापायी गाडी ४१ दिवस उभी. बाहेरच्या गॅरेजवाल्याने हात वर केले, त्याचा स्कॅनर कनेक्टच होईना. इन्शुरन्सवाल्यांच्या यादीत पार्ट नंबर सापडेना. शेवटी सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने खरं काय ते सांगितलं: दिवे बनवणारा पुरवठादार मोठ्या कंपन्यांनाही माल देतो. त्यांची ऑर्डर लाखांत, आमची हजारांत. आधी कुणाचा माल निघणार?

मला वाटायचं, अशा कंपन्यांचं घोडं डिझाइनपाशी अडतं. तसं नाही. दरवाजाच्या पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, ५ हजार गाड्यांसाठी करा नाहीतर १ लाखासाठी, खर्च फारसा बदलत नाही. लहान कंपनीकडे तो खर्च वाटायला गाड्या मात्र कमी. लोटस या लहान ब्रिटिश कंपनीने आपल्या एलिस या स्पोर्ट्स कारला स्वतःचं इंजिन न बनवता आधी रोव्हरचं आणि नंतर टोयोटाचं इंजिन बसवलं ते उगाच नाही. प्रेस्टन टकर या अमेरिकन उद्योजकाच्या १९४८ च्या गाडीत तर स्टिअरिंगबरोबर वळणारा तिसरा हेडलाइट होता. काय डोकं! पण गाड्या बनल्या ५१. आणि जून २०२४ मध्ये फिस्कर ही अमेरिकन इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा पार्ट्स आणि सॉफ्टवेअरसाठी मालकांनाच संघटना करून धावाधाव करावी लागली. ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो.

इन्फोटेनमेंट ठीक. अ‍ॅप कधीकधी अडकतं.

घरात दुसरी गाडी असेल तर बिनधास्त घ्या. ही एकच असणार असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा, बंपर किती दिवसांत मिळतो.

मी मागचा एक दिवा जास्तीचा मागवलाय. यायला ३७ दिवस लागले. कपाटात ठेवलाय.