वीस रुपयांत कात्रीला धार

मे संपत आला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे शाळेच्या गणवेशाचं कापड. सोलापुरात गणवेश शिवणारी घरं काही कमी नाहीत, त्यातलंच आमचं एक. अशाच एका रणरणत्या दुपारी गल्लीत आरोळी आली, "कात्री-सुरीला धाऽऽर!" सायकलवर दगड फिरवणारा नेहमीचा नव्हता. हा मोटारसायकलवर, हातात विजेचा ग्राइंडर. "किती घेणार?" तर "वीस रुपये, ताई." प्लग माझाच.

तीन कात्र्या दिल्या. दोन दहा इंची, एक आठ इंची. दहा इंचीतली एक सासूबाईंची, जुनी मेरठची, वजनदार. त्यानं पाती आतून-बाहेरून दोन्हीकडून घासली, ठिणग्या उडवत, पाण्याचा थेंब न लावता. मग तेलाचं फडकं फिरवलं, वर्तमानपत्र सर्रकन कापून दाखवलं आणि म्हणाला, "अठ्ठावीस इंच. पाचशे साठ."

वीस रुपये इंचाला होते म्हणे! "इंचाचाच भाव असतोय ओ ताई." शेजारच्या मावशी आल्या, आवाज चढले, शेवटी तीनशे देऊन मी सुटले. पावती वगैरे कुठली.

खरं नुकसान संध्याकाळी कळलं. टेरीकॉटचे चार पदर घातले तर मधे कापतंय आणि टोकाशी कात्री कापड चावतीय. तेल पुसलं, तर धारेला निळी-जांभळी पट्टी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार बाजाराकडच्या एका म्हाताऱ्या धारवाल्याकडे नेल्या. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, "जळली." पोलाद इतकं तापलं की मऊ पडतं, मग धार टिकत नाही. म्हणून ते घासताना दर थोड्या वेळानं पातं पाण्यात बुडवतात. आणि आतली बाजू? ती मुळात किंचित खोलगट असते. दोन पाती एका वेळी एकाच ठिकाणी टेकतात आणि कात्री मिटते तशी ती जागा टोकाकडे सरकत जाते. आतून सपाट केलं की संपलं. धार लावायची ती फक्त बाहेरच्या उताराला. कागदाचं मी विचारलं तर हसले. नुकत्याच घासलेल्या पात्याला धातूचा बारीक कंगोरा राहतो, तो कागद फाडतो. खरी परीक्षा ओल्या, पातळ सुती कापडावर, तेही अगदी टोकापर्यंत.

आता मी कात्री हातातून सोडण्याआधी एका नगाचे एकूण किती, हे विचारते आणि पाण्याचं भांडं दिसलं नाही तर देतच नाही. (मावशींनी तर त्याच दिवशी विळीसुद्धा आत लपवली.)

जळका भाग घासून आठ इंची तेवढी वाचली, थोडी बारीक होऊन. दुसरी दहा इंची पुठ्ठ्याचे साचे कापायला ठेवलीय. सासूबाईंनी त्यांची हातात घेतली, अंगठा पात्यावरून आडवा फिरवला आणि काही न बोलता परत खिळ्याला अडकवली.