मृत माणसाची सही आणि माझी रोडकिंग

गेल्या वर्षी कापसाचे पैसे हाती आल्यावर जुनी मोटरसायकल विकत घेऊन ती सवडीने दुरुस्त करण्याची माझी जुनी हौस मी पुरी करायची ठरवली. आर. एक्स. १०० चे भाव आता शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिलेले नाहीत आणि बुलेटचे तर विचारूच नये, म्हणून मी येझदी रोडकिंग निवडली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९७८ ते १९९६ या काळात काढलेली ही अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी. सिलिंडर एक असून सायलेन्सर दोन, आणि गिअरचाच दांडा फिरवून किक मारायची, याचे मला लहानपणापासून अप्रूप होते.

दिग्रसकडच्या एका दलालाने ३२,००० रुपयांत गाडी दाखवली. मी पोहोचलो तेव्हा ती अंगणात उभी होती आणि पहिल्याच किकेला सुरू झाली. सिलिंडरला हात लावून पाहण्याचे मला सुचले नाही. माझ्या येण्याआधीच ती सुरू करून तापवून ठेवली असणार, हे पुढे थंडीतल्या सकाळी वीस-वीस किका मारताना उमगले. धूर भरपूर होता. “टू-स्ट्रोक हाये भाऊ, धूर तं सोडनारच,” असे तो म्हणाला आणि मला ते पटले. गावी आल्यावर मिस्त्रीने इंजिन खोलले, तेव्हा क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, ऑइल सील गेल्यामुळे गिअरबॉक्समधले तेल आत ओढले जाऊन जळत असल्याचे आढळले. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच मिसळलेल्या तेलाचा धूर आणि हा धूर यांत फरक असतो, आणि पंधरा मिनिटे गाडी चालू ठेवून गिअरबॉक्सचे तेल तपासले असते तर तो कळला असता. टाकीवर जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फिरवले तर एका बाजूला ते चिकटेना, कारण रंगाखाली बोटभर पुट्टी होती. एवढ्यावर २१,००० रुपये गेले. तरीही दुरुस्ती करायचीच म्हणून गाडी घेतली होती, त्यामुळे या खर्चाबद्दल मी फारशी तक्रार करणार नाही.

खरी फसवणूक कागदांत होती. आर. सी. बुक मूळ होते आणि त्यासोबत मालकी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ व फॉर्म ३०, मालकाची सही असलेले पण बाकी कोरे, दिले होते. आमच्या भागात जुन्या गाड्यांचा व्यवहार असाच चालतो, म्हणून मला संशय आला नाही. मात्र नोंदणीचे पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण कधी झालेच नव्हते, शिवाय पर्यावरण कर थकलेला होता, आणि विलंबाचे शुल्कही वेगळे भरावे लागणार होते. मालकाची समक्ष ओळख पटवावी म्हणून मी आर. सी.वरच्या पत्त्यावर, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात गेलो. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मला पाणी दिले आणि सांगितले, “ते जाऊन नऊ वर्सं झाले, बाबू.” फॉर्मवरच्या सहीखाली तारीख गेल्या वर्षीची होती. त्यांनी गाडी भंगार म्हणून विकली होती आणि पुस्तक सोबत देऊन टाकले होते. त्या कुटुंबाचा यात काहीही दोष नाही.

मालक मृत असेल तर वाहन आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर घ्यावे लागते आणि मगच ते पुढे विकता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती हवी. त्यात भर म्हणजे इंजिनवरचा क्रमांक घासून नव्याने ठोकलेला असून तो आर. सी.शी जुळत नाही. दलालाने फोन उचलणे बंद केले आहे. पैसे रोख दिले आणि साधी पावतीही घेतली नाही, म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज देतानाही माझ्या हाती त्याच्याविरुद्ध त्या खोट्या सहीपलीकडे काही नव्हते.

गाडी सध्या गोठ्यात कुटाराच्या पोत्यांशेजारी उभी आहे आणि इंजिन आता उत्तम चालते. बाई व त्यांच्या दोन्ही मुलींनी संमतीपत्रावर सह्या केल्या आहेत. मुलगा सुरतेला कामाला असतो, एवढेच त्यांना ठाऊक आहे.