गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा: एक दिवसाचं सामूहिक शिबिर

आधी अट वाचा. हे एक दिवसाचं विपश्यना ध्यान-शिबिर विपश्यना-आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच आहे. नवख्यांना ध्यानाच्या घुमटाचा आतला भाग काचेपलीकडूनच पाहता येतो. आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या साधनेची, छोटी ओळख मात्र त्यांना मिळते.

बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीचा धक्का गाठा आणि फेरीबोट पकडा. भाईंदर-उत्तनकडून रस्ता आहे, पण वळसा मोठा. रविवारी धक्क्यावर रांग लागते, त्यामुळे तासभर हाताशी ठेवा.

२००९ साली उद्घाटन झालेल्या या दगडी घुमटाला आत एकही खांब नाही. सुमारे ८,००० माणसं बसतील एवढी जागा! इथे खोकलासुद्धा घुमतो, म्हणून मोबाइल बंद, आणि कुरकुरणारी प्लॅस्टिकची पिशवी बाहेरच. बहुतेकांचं चुकतं ते आसनात. उशी बुटकी असली की गुडघे वर राहतात, कंबर मागे कलते आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. बुड गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर हवं. गरज पडली तर घडी केलेली चादर खाली सरकवा. गुडघेदुखी असेल तर आधीच खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही.

दिवसभर मौन, तरी एकटं वाटत नाही. घरी वीस मिनिटांत चुळबुळणारा माणूस इथे तासभर बसतो, कारण शेजारचाही हललेला नसतो. शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची कामना, होते आणि मौन सुटतं. लगेच बोटीकडे पळू नका. आपल्या उपनगरातली साप्ताहिक सामूहिक साधना कुठे भरते, हे तिथेच शेजारच्याला विचारा. फी नाही, दान ऐच्छिक.