गाड्यांच्या कंपन्यांत झाडं लावायचं काम मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमची नर्सरी सांगली-तासगाव रस्त्याला आहे. रोपं विकतोच, शिवाय मिरजेतल्या काही हॉस्पिटलांना आणि कुपवाड एमआयडीसीतल्या ऑफिसांना झाडं महिन्याच्या भाड्याने देतो. आमचा माणूस ठरल्या दिवशी जाऊन पाणी घालतो, पानं पुसतो, मरगळलेली कुंडी बदलून येतो. हाच धंदा करणाऱ्यांना सध्या एका मार्केटिंग एजन्सीचे फोन येत आहेत. त्यात आमचे पैसे गेले आणि झाडंही गेली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फोनवरचा माणूस बोलायला माहितगार होता. चाकण, तळेगावकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्या, त्यांची डिझाइन सेंटरं, सगळीकडे झाडांना मागणी आहे. तुमचं मार्केटिंग आम्ही करतो, कमिशन काम मिळाल्यावर द्या, असं म्हणाला. आमच्याच झाडांचे फोटो घालून देखणं ब्रोशर पाठवलं. त्यात ‘झाडं ऑफिसची हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केलंय’ असं ठळक अक्षरात होतं. नासाचा तो १९८९चा अभ्यास लहानशा बंद कक्षांत झाला होता. एरवी इमारतीत हवा जेवढी खेळती असते, तेवढा परिणाम नुसत्या झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं २०१९च्या एका फेरआढाव्यात निघालं आहे. ते वाक्य काढा म्हटलं, तर ‘मार्केटिंगमध्ये चालतं’ म्हणाला.

मग पैशांची मागणी सुरू झाली. उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे म्हणून अडीच हजार. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते, आमची आधीच झालेली होती, म्हणून ते वाचले. मग ‘व्हेंडर रजिस्ट्रेशन’चे, म्हणजे कंपनीकडे पुरवठादार म्हणून नाव नोंदवायचे दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. बिल छापील होतं, त्यावर जीएसटी नंबर होता. तो नंबर पुढे जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला, तर भलत्याच व्यापाऱ्याचा निघाला. हे कुणालाही फुकट आणि दोन मिनिटांत बघता येतं.

त्यानंतर एका नावाजलेल्या कंपनीच्या लोगोची पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची लेखी मागणी आली आणि त्यापोटी ४५,००० डिपॉझिट भरायला लावलं. शिवाय ‘सॅम्पल म्हणून झाडं आधी बसवून दाखवा’. अरेका पाम, रबर प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, सगळा निवडक माल टेम्पोने बाणेरच्या एका ऑफिसात पोहोचवला. ते ऑफिस रोजच्या भाड्याने मिळणाऱ्या जागेतलं होतं. पुढच्या आठवड्यात आमचा माणूस पाणी घालायला गेला, तर तिथे दुसरेच लोक बसलेले. फोन बंद. तयार झाडाला दोन-दोन वर्षं लागतात हो. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुणीतरी रस्त्यावर विकून मोकळं झालं असणार, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन लावला, तेव्हा खरी पद्धत कळली. झाडं, साफसफाई, कॅन्टीन असली कामं त्यांनी एका फॅसिलिटी मॅनेजमेंट ठेकेदाराकडे दिलेली आहेत. झाडंवाला असतो तो त्या ठेकेदाराच्या हाताखाली. नोंदणीसाठी कुणाकडून रुपयाही घेत नाहीत. पर्चेस ऑर्डर ज्या ईमेलवरून आली, त्यात कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि जादा शब्द होता.

खरं गिऱ्हाईक काय विचारतं, हे आम्हाला कुपवाडच्या कामांतून माहीत आहे. उजेड किती लागतो, एसीत पानं करपतात का, कुंडीतलं पाणी गळून वायरिंगवर जाईल का, चिलटं होतात का, मेलेलं झाड किती दिवसांत बदलणार. नव्या गाड्यांची कामं चालतात तिथे तर पाणी घालणाऱ्या माणसाची ओळखपत्रं, पास, मोबाइल बाहेर ठेवणं, यावर पहिल्यांदा बोलणं होईल. या एजन्सीने यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांच्या ऑर्डरीत पाणी कोण घालणार हेसुद्धा नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. सांगलीच्या सायबर पोलिसांत यूपीआयचे व्यवहार, ब्रोशर, टेम्पोची पावती, सगळं दिलं. काही रक्कम बँकेत गोठवली आहे, हातात अजून आलेली नाही. पैसे पाठवून थोडाच वेळ झाला असेल तर १९३० वर लगेच फोन करा. खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

परवा कराडच्या एका नर्सरीवाल्या दादांचा फोन आला. त्यांना तेच ब्रोशर आलंय, फोटो आमच्या झाडांचे, नाव मात्र वेगळ्याच एजन्सीचं. त्यांनी पैसे भरले नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्यांनी भरले असतील त्यांनी रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका, आपापल्या ठाण्यात तक्रार द्या आणि पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा तपशील जोडा. एकाच खात्यावर अनेकांच्या तक्रारी आल्या, तर पोलिसांना त्या एकत्र लावता येतील.