कासवाच्या घरासाठी ‘यूव्ही’ शीट घेताय? आधी हे वाचा

इंग्लंडात कासव पाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. कासवाच्या पेटीवरची पारदर्शक शीट विकताना आम्हाला ज्याने फसवलं त्याच धाटणीच्या जाहिराती मला नंतर आणखी दिसल्या. म्हणजे पुढचं गिऱ्हाईक तुमच्यापैकी कोणीही असू शकतं.

आमच्याकडे हरमन जातीच्या कासवाचं पिल्लू आहे, आर्टिकल 10 च्या प्रमाणपत्रासकट (संरक्षित प्राण्याच्या कायदेशीर विक्रीला ते लागतं) रीतसर घेतलेलं. (भारतातल्या वाचकांनी हे वाचून तारा कासव घरी आणायचा विचार कृपया करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.) हरमन मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. आमच्या रेडिंगच्या एप्रिलमध्ये उघड्यावर ते गारठतं, शिवाय पिल्लू एवढंसं असलं की कोल्हा, उंदीर, मॅगपाय पक्षी सगळ्यांचा त्याच्यावर डोळा. म्हणून बागेत बुटकी लाकडी पेटी करायची आणि वर पारदर्शक झाकण बसवायचं, अशी इथली पद्धत आहे. आत ऊन साठतं, जनावर सुरक्षित राहतं.

प्रश्न येतो तो झाकणाचा. कासवाच्या कातडीत डी 3 जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण (यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार) लागतात, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे. त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं आणि कवच मऊ पडतं. खिडकीची काच हे किरण अडवते. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक तर जवळजवळ 380 च्या खालचं काहीच आत सोडत नाही. काही अ‍ॅक्रिलिक (दुसऱ्या प्रकारचं प्लास्टिक) मात्र मुद्दाम असं बनवतात की त्यातून यूव्हीबी आरपार जातो. जर्मनीत बनणारं प्लेक्सिग्लास ऑलटॉप हे 16 मिलिमीटरचं दुपदरी शीट तिकडचे कासववाले वर्षानुवर्षं वापरतात. कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्टच्या घुमटांना जी ईटीएफई नावाच्या प्लास्टिकची फिल्म आहे, तिच्यातूनही यूव्ही आत येतो. पण हाताला ऊब लागते, डोळ्यांना उजेड दिसतो, यूव्हीबी मात्र ना दिसतो ना जाणवतो. फसवणाऱ्याचं सगळं दुकान यावरच चालतं.

आमचा विक्रेता जाहिरातीत लिहायचा: ‘कासवांसाठी खास यूव्ही शीट, 80 टक्के यूव्ही’. मी फोनवर स्पष्ट विचारलं, हे अ‍ॅक्रिलिक आहे की पॉलिकार्बोनेट? म्हणाला, जर्मन अ‍ॅक्रिलिकच, फक्त कंपनीचा छाप नाही म्हणून स्वस्त पडतं. तरी भाव साध्या शीटच्या तिप्पट होता. माल बघायला गेलो तेव्हा त्याने आमच्यासमोर खात्री करून दिली. खिशातून छोटा जांभळा टॉर्च काढला, टेबलावर पांढरा कागद ठेवला, वर शीटचा तुकडा धरला आणि टॉर्च मारला. कागद निळसर झळकला. "बघा, यूव्ही गेला की नाही?" माझी लेक शेजारी उभी होती, तिचे डोळे चमकले.

हा टॉर्चचा प्रकार नीट समजून घ्या. असे स्वस्त एलईडी टॉर्च बहुधा 395 नॅनोमीटरचे असतात, म्हणजे दिसणाऱ्या जांभळ्या उजेडाच्या अगदी कडेचे. तो प्रकाश पॉलिकार्बोनेटमधूनही जातो आणि कागदातल्या चमक आणणाऱ्या रसायनामुळे कागद झळकतो. कासवाला लागणाऱ्या 300 च्या आसपासच्या किरणांबद्दल या प्रयोगातून काडीचंही कळत नाही. ज्याला रोज शीट विकायची आहे त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा पिल्लाचं पोटाकडचं कवच अंगठ्याखाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबायला लागलं. चालताना ते मागचे पाय ओढायचं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, हाडं विरळ झालेली दिसली. खाणं विचारलं: डँडेलायनची पानं, प्लँटेन नावाचा इसबगोलवर्गीय रानपाला, वर कॅल्शियमची पूड, सगळं बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, "पेटीचं झाकण कशाचं आहे?"

त्यांच्याच सांगण्यावरून एका जुन्या कासववाल्या काकांकडून सोलारमीटर 6.5 आणला. हा यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्हीची तीव्रता, मोजतो. निरभ्र दुपारी बागेत धरला तर 5.1. तसाच झाकणाखाली सरकवला तर 0.0. मी झाकण उचलून परत ठेवलं, पुन्हा तेच. शीट उतरवली तेव्हा लाकडी चौकटीत दबलेल्या कडेला मूळ प्लास्टिकच्या आवरणाची एक चिंधी चिकटलेली सापडली. तिच्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: यूव्हीपासून संरक्षित बाजू, ही बाजू बाहेर ठेवा. बाकीचं आवरण विक्रेत्याने ‘तुमचा त्रास वाचवतो’ म्हणत आधीच सोलून दिलं होतं. त्या बाजूला यूव्ही शोषणारा थर असतो, शीट पिवळी पडू नये म्हणून. आणि ते 80 टक्के? ते साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण होतं.

फोन केला तर उत्तर आलं, मापाने कापून दिलेला माल परत घेत नाही. हे अर्धसत्य आहे. ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेला माल 14 दिवसांत परत करायची जी सवलत आहे, ती मापाने बनवलेल्या वस्तूंना लागू नाही. पण वर्णनाप्रमाणे नसलेला माल 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टखाली येतो, कापलेला असो वा नसो. पहिल्या 30 दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात, नंतरही हक्क संपत नाही. दुसरी गोष्ट पैशांची. कार्डाने दिलेत तर वर आकार पडेल, असं सांगून त्याने बँक ट्रान्सफर घेतली. ग्राहकाच्या कार्डावर असा आकार लावायला 2018 पासून इथे बंदी आहे. क्रेडिट कार्डाने 100 पौंडांहून जास्त किमतीची वस्तू घेतली तर कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या सेक्शन 75 खाली बँकेकडेही दावा करता येतो. तो मार्ग आम्हाला उरू नये अशीच ती व्यवस्था होती.

तेव्हा घेण्याआधी शीटचा आलेख मागा, ज्यात 300 नॅनोमीटरला किती टक्के किरण पार होतात ते दिसतं. नुसता ‘यूव्ही’ शब्द किंवा एकच टक्केवारी चालवून घेऊ नका. कंपनीचं आणि मालाचं नाव बिलावर लिहून घ्या. आवरण स्वतःच्या हाताने काढा आणि त्यावरचं वाचा. शक्य असेल तर हातभर तुकडा आधी मागवून उन्हात मीटरने मोजा. खऱ्या शीटचा तुकडा मी नंतर मागवला, त्याखाली 3.9 भरले. जवळ मीटर नसेल तर कासवांच्या संस्थांमधले लोक आनंदाने मोजून देतात.

पिल्लू आता टी5 यूव्हीबी दिव्याच्या नळीखाली आणि ऊन असेल तेव्हा उघड्या झाकणाखाली, आमच्या डोळ्यांसमोर, असतं. कवच घट्ट होतंय. मागचे पाय थोडे वाकडेच राहतील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आम्ही सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ग्राहक-संरक्षण विभागाकडे, जाते. शीटचे पैसे आणि डॉक्टरचा खर्च मिळून स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) दावा लावला आहे. ती चिंधी, मीटरचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. कोणाकडे अशाच खरेदीची बिलं किंवा जाहिराती असतील तर जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार नोंदवा. एकाच माणसाविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर ट्रेडिंग स्टँडर्ड्सला त्याच्यामागे लागायला बळ मिळतं.