सायक्लोस्पोरिनचे डोळ्यांचे थेंब : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के लिहून दिलं, त्याला आता आठेक महिने होत आले. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. फरक दिसायच्या आतच बरेच जण हे औषध सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बराच काळ कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरत होते. घातले की थोडा वेळ बरं, मग पुन्हा चुरचुर. बँकेत दिवसभर स्क्रीन, वरून एसी. दुपारनंतर आकडे पुसट दिसायचे. वाऱ्यात गेलं की मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी. पाणी येतंय तर डोळा कोरडा कसा, असं घरचे विचारायचे. ते पाणी डोळा चिडल्यामुळे येतं आणि ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. तपासणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर ठीक मानतात. माझी उजव्या डोळ्याची ४ भरली.

या औषधाचं काम समजून घेतलं म्हणूनच मी टिकून राहिले. अश्रू कमी पडले किंवा लवकर सुकले की उरलेले जास्त खारट होतात आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना इजा होते. त्या पेशी दाहाचे संदेश सोडतात आणि रोगप्रतिकारक टी-पेशी तिथे जमतात. या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सोडतात. त्याने श्लेष्मा तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी घटतात, अश्रूंचा थर आणखी लवकर फुटतो, दाह आणखी वाढतो. कृत्रिम अश्रू ओलावा देतात, पण या टी-पेशींना आवर घालणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

सायक्लोस्पोरिन टी-पेशीच्या आत शिरून कॅल्सिन्युरिन हे विकर अडवतं. मग टी-पेशींना चेतवणारं इंटरल्युकिन-२ हे रसायन तयार होत नाही आणि नव्या टी-पेशी लढाईला उठत नाहीत. आधीच जाग्या झालेल्या पेशी मात्र लगेच नाहीशा होत नाहीत, त्यामुळे वेळ लागतो. सहा महिन्यांच्या वापरानंतर घेतलेल्या बायॉप्सींमध्ये जाग्या टी-पेशींच्या खुणा कमी झालेल्या आढळल्या आहेत, गॉब्लेट पेशीही वाढलेल्या दिसल्या आहेत. मला हे वाचून फार धीर आला.

हेच औषध किडनी बदललेल्या रुग्णांना पोटातून देतात, हे कळल्यावर आई घाबरली होती. पण थेंबातली मात्रा इतकी कमी की रक्तात ते मोजण्याइतकंही सापडत नाही.

आता त्रासाचं. थेंब घातला की जळजळ होते, आणि सुरुवातीला चांगलीच होते. अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेल्या मूळ औषधाच्या चाचण्यांमध्ये १७ टक्के रुग्णांनी ही तक्रार केली होती. त्या काळासाठी डॉक्टरांनी लोटेप्रेडनॉल हे सौम्य स्टिरॉइड दोन आठवडे दिलं. त्याने दाह पटकन उतरतो, म्हणूनच ते मनाने चालू ठेवायचा मोह होतो. कृपा करून ठेवू नका. स्टिरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, आणि दाब वाढलेला आपल्याला जाणवतही नाही.

पहिले दोन महिने मला काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्यात सकाळी पापण्या चिकटणं कमी झालं. सहाव्या महिन्याच्या तपासणीत पट्टी ९ भरली, लालीही उतरली. कृत्रिम अश्रू अजून लागतात, पण दिवसातून एक-दोनदाच. सगळ्यांना इतका उपयोग होत नाही हेही सांगते : त्याच चाचण्यांमध्ये सहा महिन्यांनी पट्टीवरचा ओलावा आधीपेक्षा १० मिलिमीटर किंवा जास्त वाढलेले रुग्ण १५ टक्केच होते. औषधाविना नुसता द्रव घालणाऱ्यांमध्ये ते ५ टक्के होते. पापण्यांतल्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर शेक आणि पापण्यांची स्वच्छताही लागते. नुसत्या थेंबांवर विसंबू नका.

वापराचं थोडं : एकदा वापरायची छोटी नळी असेल तर आधी हलवून घ्या आणि उरलेलं टाकून द्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घाला, पुन्हा लावायला पंधरा मिनिटं थांबा. कृत्रिम अश्रू आणि हा थेंब यांच्यातही तेवढंच अंतर ठेवा. डोळ्यात संसर्ग असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. खर्च महिन्याच्या महिन्याला येतो आणि तो जाणवतो, तरी मी पुढची नळ्यांची पेटी आणली आहे.